आतल्या दालनातला माझा आवाज

१

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे निजामपुऱ्याचे दिवस. रावपुऱ्यातून रिक्षा करायची, योगिनीच्या क्लिनिकमध्ये माझी शिकवणी उरकायची आणि तिथून जवळच्या देवळात जायचं. देवळात म्हणजे खरं तर देवळाच्या वरच्या संग्रहालयात.

योगिनी माझी स्पीच थेरपिस्ट. माझ्या मुलीपेक्षा, पूर्णिमापेक्षाही वयानं लहान. गेल्या वर्षी माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली आणि उजवा हात, उजवा पाय आणि भाषा एकाच सकाळी गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला. हात आला नाही. आणि भाषेतले शब्द उरले दोन: "बरं का".

पाणी हवं असलं तरी "बरं का" आणि डोकं दुखत असलं तरी "बरं का". आत वाक्य नीट तयार असायचं, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. तोंड उघडलं की मात्र तेच दोन शब्द बाहेर पडायचे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. बडोद्यातल्या कितीतरी गणेशोत्सवांत सूत्रसंचालन केलं. माइक बंद पडला तरी वसुंधराबाईंचं अडत नाही, असं लोक म्हणायचे. त्या बाईची ही अवस्था.

माझे यजमान कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले. तिथे ते मोजमापाची यंत्रं सांभाळायचे. आजारपणात त्यांनी माझं सगळं केलं, वेणीसुद्धा घातली, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. फक्त संध्याकाळी चहा पिताना कधीतरी म्हणायचे, "घर फार गप्प झालंय गं वसू." मी म्हणायची, "बरं का." ते हसायचे आणि मान फिरवायचे.

देवळाची कल्पना योगिनीची. "काकू, रोज त्याच खुर्च्या आणि तीच भांडी बघून शब्द कसे येणार? नवीन काहीतरी बघा. वर लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत आणि गर्दी अजिबात नसते."

खरंच नसायची. बँकॉकला हिऱ्यामाणकांचा व्यापार करून आलेल्या एका गुजराती कुटुंबानं ते बांधलेलं. खाली बुद्धाची मोठी सोनेरी मूर्ती, अगरबत्तीचा वास आणि प्रसादाला शेंगदाण्याची चिक्की. वर तीन दालनं, एकातून दुसऱ्यात जाणारी. पहिलं चीनचं. त्यात माणसाच्या उंचीच्या निळ्या-पांढऱ्या बरण्या, रेशमावर भरलेले बगळे आणि कमळावर उभी असलेली करुणेची देवी. तिथून एका गोल दारातून थायलंडच्या दालनात जायचं. तिथे सोन्याचा वर्ख दिलेली कपाटं आणि खांबावर बसवलेलं चिमुकलं घर, घराच्या रक्षणकर्त्या देवतेसाठी तिथले लोक अंगणात उभारतात तसं.

आणि शेवटी मुखवट्यांचं दालन.

२

पहिल्यांदा आम्ही तिथे गेलो तेव्हा यजमान लहान मुलासारखे खूश झाले होते. "अगं, हा बघ आपला मारुती! पांढरा आहे. आणि हा रावण, हिरवा! रामायण तिकडेसुद्धा आहे."

भिंतीभर काचेआड मुखवटे होते. हिरवे, लाल, पांढरे, माथ्यावर उंच मुकुट असलेले. खाली इंग्रजी आणि गुजरातीत पाटी होती. हे मुखवटे घालणारे नट रंगमंचावर बोलत नाहीत, त्यांचे संवाद बाजूला बसलेली माणसं म्हणतात, असं त्यात लिहिलं होतं. वाचून मला हसू आलं. आपलंही असंच झालंय, म्हटलं. फक्त बाजूला कुणी नाही.

त्या दालनात सगळ्यात कोपऱ्यात एक चिनी लाकडी पडदा होता, काळ्या चकचकीत रोगणाचा, घड्या पडणारा. त्याच्या वरच्या भागात जाळीचं कोरीवकाम. तो चीनच्या दालनात न ठेवता इथे का ठेवला, कोण जाणे. जागा पुरली नसेल. पडदा भिंतीला जवळजवळ टेकलेला होता. मागे हात घालता येईल, एवढीच फट. त्याच्यासमोर एक बाक.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. मुखवट्यांच्या दालनाची जमीन एका पायरीनं खाली आहे. यजमान माझ्या पुढे होते आणि त्यांचं लक्ष वर मुखवट्यांकडे होतं. ते आता अडखळणार, हे मला दिसत होतं. सांभाळा हं, पायरी आहे, असं वाक्य माझ्या मनात आलं.

"अहो, सांभाळा हं, पायरी आहे."

आवाज दालनाच्या आतून आला. माझा आवाज. शब्दाच्या शेवटी तो 'हं' जरासा लांबवणारा, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत सहज पोहोचणारा.

मी डावा हात तोंडाशी नेला. ओठ मिटलेले होते.

३

माझ्या मेंदूत बिघाड आहे, हे सिद्ध झालेलं होतं. त्याचा फोटोच आमच्या कपाटात होता. त्यामुळे मी पहिला संशय स्वतःवरच घेतला. नसलेले आवाज काही रुग्णांना ऐकू येतात, हे डॉक्टर बोलले होते. शिवाय आत दुसरं कुणी मराठी कुटुंब असू शकतं. बडोद्यात मराठी बाईनं नवऱ्याला 'सांभाळा' म्हणणं ही काही नवलाची गोष्ट नाही. किंवा ते गोल दार आवाज कसाही फिरवत असेल.

आत गेलो. कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, मुखवटे भिंतीवर होते, कोपऱ्यात पडदा होता.

हे सगळे तर्क मी रात्री पुन्हा पुन्हा मांडले असते आणि मला झोपही लागली असती. पण एक गोष्ट मी पाहिली होती. आवाज आला तेव्हा यजमानांचा पाय पायरीवर अधांतरी थांबला होता. त्यांनी खाली बघितलं, पायरी बघितली आणि जपून उतरले. मग त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही. आत, पडद्याकडे.

मी त्यांची बाही ओढली आणि डोळ्यांनी विचारलं. "बरं का?"

"काही नाही गं," ते म्हणाले. "पंखा वाजतोय."

बेचाळीस वर्षांच्या संसारात ते माझ्याशी खोटं बोललेले मला आठवत नाहीत. त्यांना ते जमायचंच नाही, कान लाल व्हायचे. त्या दिवशी त्यांचे कान लाल होते.

४

त्यानंतर ते मला चीनच्या दालनात त्या मोठ्या बरण्यांपाशी बसवून द्यायला लागले.

"तू इथे बस. पायरीनं तुझा पाय दुखतो. मी जरा आत जाऊन बघून येतो."

मी बसायची. समोर कमळावरची देवी, शेजारी माझी काठी. गोल दारातून थायलंडच्या दालनाचा एक तुकडा दिसायचा. त्यापलीकडे काही दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं.

आधी त्यांचं बोलणं, हळू. मग उत्तर.

सगळे शब्द कळायचे नाहीत. पण कळायचे ते साधे असायचे. "चष्मा खिशातच आहे बघा." "त्या जोश्यांकडे फोन केलात का?" "कोथिंबीर बघून घ्या, परवा पिवळी आणलीत." अशी वाक्यं, जी मी हजारदा बोलले होते आणि जी पुन्हा बोलायला मिळावीत म्हणून मी क्लिनिकमध्ये टेबल बडवत घाम गाळत होते. कुणीतरी ती तिथे बसून सहज बोलत होतं.

एकदा यजमान मोठ्यानं हसले. आजारपणानंतर ते हसू मी ऐकलंच नव्हतं. त्यांच्यामागोमाग ती हसली. माझं हसू, शेवटी श्वास आत ओढणारं.

नवऱ्याला दुसऱ्या बाईचा नाद लागल्याच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या होत्या. इथे दुसरी बाई मीच होते. रागवायचं तरी कुणावर? मी तिथे बसून रडले आणि पदरानं डोळे पुसले. ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला ते मोडवेना. एवढा एक आनंद घेऊ दे त्यांना, असं मी स्वतःला समजावलं. भीती वाटायला हवी होती. पण तेव्हा मत्सरच जास्त वाटला, आणि मत्सराच्या मागे भीती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

५

पहिला शब्द गेला तो 'गाळणं'.

सकाळचा चहा उकळत होता. यजमान ओट्याशी उभे राहून हवेत बोटांनी गोल काढत होते. "ते दे ना. ते गं. ते... चहाचं." मी गाळणं दिलं. विसरतं माणूस, वय झालं.

मग 'किल्ली' गेली. मग 'खिडकी'. मग एकदा रिक्षावाल्यानं कुठे जायचं विचारलं आणि यजमान नुसतेच त्याच्याकडे बघत राहिले. रावपुऱ्यात जन्म गेला, पण रावपुरा म्हणता येईना. मीच हातानं खुणा करत घरापर्यंत रस्ता दाखवला.

मला ही खूण ओळखीची होती. शब्द अगदी जिभेखाली असतो, पण जीभ उचलून बघावं तर नसतो. तो चेहरा मी आरशात वर्षभर पाहिला होता.

मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली, फोटो निघाले. डॉक्टर म्हणाले, "काकांचं डोकं अगदी स्वच्छ आहे. तुमची काळजी घेऊन घेऊन थकलेत ते. विश्रांती द्या."

त्याच संध्याकाळी पुण्याहून पूर्णिमाचा फोन आला. मी शेजारी बसून डाव्या हातानं वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. यजमानांनी फोनचा आवाज मोठा केला, नेहमीसारखा, मलाही ऐकू यावा म्हणून.

"बाबा, काय म्हणाले डॉक्टर?"

यजमानांनी तोंड उघडलं. गळ्याची शीर ताणली.

"बरं का," ते म्हणाले.

पूर्णिमा हसली. "बाबा, आईची नक्कल नका करू हं. तिला वाईट वाटेल."

"बरं का," ते पुन्हा म्हणाले. हात हलवून, जिवाच्या आकांतानं. "बरं का. बरं का."

मी शेंग सोलायची थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते नक्कल करत नव्हते.

थोड्या वेळानं काही शब्द परत आले, पण सगळे नाहीत. आणि प्रत्येक वेळी निजामपुऱ्याहून आल्यावर आणखी थोडे कमी असायचे. तिथे मात्र, आतल्या दालनात, ते कसे बोलत होते! ओघानं, न अडखळता. मी बरण्यांपाशी बसून ऐकत होते. हे काय आहे ते मला कळत नव्हतं. पण बेरीज-वजाबाकी कळत होती. तिथे जे बोललं जात होतं, ते तिथेच राहत होतं.

६

मी जायचं नाही असं ठरवलं. पुढच्या मंगळवारी पलंगावरून उठलेच नाही. यजमान दारात उभे राहिले, जोडे घालून, थोडे अवघडलेले.

"मग... तू आराम कर," ते म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन गेले. दुपारी परत आले. पिशवी रिकामीच होती. त्या दिवशी ते माझं नाव शोधत होते. माझ्याकडे बघून ओठ हलवत होते आणि 'व'सुद्धा येत नव्हता. शेवटी त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी पुन्हा खुंटीवरून गेलेली होती. यजमानही.

मी साडी कशीबशी गुंडाळली, पर्स गळ्यात अडकवली, काठी घेतली आणि जिना उतरले. आजारानंतर एकटी पहिल्यांदाच. खाली कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "बोलो मासी, क्यां जवुं छे?"

"बरं का," मी म्हणाले.

"हें?"

"बरं का!"

तो गोंधळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मग मला योगिनीचं टेबल आठवलं. बोलण्याची वाट बंद असली तरी गाण्याची उघडी असते, असं ती सांगायची. डाव्या तळव्यानं ठेका धरायचा आणि शब्द सुरात सोडायचा. क्लिनिकमध्ये मला ते पोरकट वाटायचं. 'पाणी' आणि 'चहा' एवढेच शब्द तिथे कसेबसे जमले होते.

मी काठी रिक्षाला टेकवली आणि तिच्या पत्र्यावर थाप मारली. एक. पुन्हा एक. आणि गायले, "नि... जाम... पु... रा."

रस्त्यावरची दोन माणसं थांबली. रिक्षावाल्यानं कपाळावरची बट मागे सारली. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"निजाम-पुरा!" त्यानंही त्याच सुरात म्हटलं आणि सीटवर थाप मारली. "बेसी जाओ मासी, हाथ आपो."

त्यानं मला हात धरून आत बसवलं. वाटेत प्रत्येक वळणावर मी थाप मारत गात होते, "नीट. नीट. डा-वी-कडे." तो पुढून साथ देत होता. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, दोन वेडी भजनाला निघाली आहेत. मला मात्र अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. मी तिथे जाऊन काय करणार, हे ठरलं नव्हतं. जाणार होते, एवढं नक्की.

७

देवळात चपलांजवळ मधुबेन बसतात. चिक्कीसुद्धा त्याच वाटतात. मला बघून त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"अरे बेन, तमे क्यारे बहार आव्यां?"

मी बाहेर कधी आले, असं त्या विचारत होत्या. मी थांबले.

"हमणां तो उपर गई हती हुं, झाडू लेवा. तमारो अवाज सांभळ्यो. मने थयुं, वाह, बेनने सारुं थई गयुं! केवुं सरस बोलतां हतां अंकल साथे." त्यांनी माझ्या काठीकडे बघितलं, बाहेर उभ्या असलेल्या रिक्षाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला. बोलता बोलता त्यांनी साडीचा पदर डोक्यावर घेतला.

वर यजमानांशी बोलणारा माझा आवाज त्यांनीही ऐकला होता. तेव्हा माझ्या मेंदूवरचा माझा संशय संपला. भीती संपली नाही, उलट ती मोकळी झाली. पण बिघाड माझ्यात नाही, हे कळल्यावर पाय जरा घट्ट पडायला लागले.

मधुबेन लिफ्टपर्यंत आल्या. आत आल्या नाहीत.

८

चीनचं दालन ओलांडलं. बरण्या, बगळे, देवी. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खिडक्यांतून ते जमिनीवर पडलं होतं. गोल दारातून काठी आधी टाकली, मग पाय.

आवाज स्पष्ट येत होता.

"अहो, आठवतं का, पूर्णिमाच्या वेळी तुम्ही कोयलीहून सायकलनं आला होतात? घामानं नुसते भिजलेले. मी म्हटलं, आधी हात धुवा, मग मुलीला घ्या."

खरं होतं ते. मी तसंच म्हटलं होतं. यजमानांचं उत्तर ऐकू आलं, पण त्यात शब्द नव्हते. "बरं का," ते म्हणाले, तृप्तपणे. "बरं का."

मी पायरीपाशी पोहोचले आणि आत बघितलं.

यजमान बाकावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. पडद्याच्या अगदी जवळ. इतके जवळ की गुडघे त्याला टेकले होते. पडद्याच्या दोन घड्यांमध्ये फट होती. त्या फटीतून मनगटापर्यंत एक हात बाहेर आला होता आणि यजमानांच्या हातावर ठेवलेला होता. हिरव्या बांगड्या. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग. तो माझा उजवा हात होता. बोटं हलत होती. अंगठा त्यांच्या हाताच्या पाठीवरून मागेपुढे फिरत होता, मी फिरवायची तसा.

माझा उजवा हात माझ्या बाजूला लोंबत होता, थंड.

मी जोरात श्वास घेतला असणार. अंगठा थांबला.

"अहो," आवाज म्हणाला. "कुणीतरी आलंय. तुम्ही बघू नका. मी बोलते आहे ना."

यजमानांनी बघितलं नाही.

मी तोंड उघडलं. अहो, उठा, चला, ही मी नाही, मी इथे आहे. सगळं वाक्य आत उभं होतं. बाहेर आलं, "बरं का."

पडद्यामागून ती हसली. माझं हसू, शेवटी श्वास आत ओढणारं. आणि माझ्याच आवाजात, एखाद्या ढ मुलीला समजवावं तसं म्हणाली, "बाई, बसा तुम्ही. थकाल."

खरं सांगते, त्या क्षणी भीती गेली. वर्गात कुणी मला असं बोललं असतं तर काय झालं असतं ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. काठी मी जमिनीवर आपटली. मुखवट्यांमधून आवाज घुमला. पुन्हा आपटली. ठेका धरला.

"अ... हो," मी गायले.

"अहो," ती म्हणाली, माझ्याआधीच, गोड, पूर्ण. यजमानांनी तिच्याकडे मान झुकवली.

तो शब्द तिच्याकडे होता. माझे सगळेच शब्द तिच्याकडे होते, जे मी त्यांच्याशी कधीकाळी बोलले ते सगळे. मी काहीही म्हटलं तरी ती ते आधी म्हणणार होती, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

मग मी त्यांच्याशी कधीच बोलले नाही, असं काय होतं?

ते सापडायला वेळ लागला नाही. माझ्या पिढीच्या कुठल्याही बाईला लागला नसता. लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं ते 'राव' लावून, कोड्यात दडवून, लोकांसाठी. त्यांना त्यांच्या नावानं हाक मी कधी मारली नव्हती. संतापातही नाही, एकांतातही नाही.

काठी आपटली. "मु."

अडकलं. जीभ टाळूला चिकटली. मागे "बरं का" दाटून उभं होतं, लोंढ्यासारखं. मी ओठ घट्ट मिटून ते गिळलं.

"अहो, त्यांना जायला सांगा ना," आवाज म्हणाला. पहिल्यांदाच त्यात घाई होती. हाताची बोटं यजमानांच्या मनगटाभोवती आवळली.

काठी. "मु... कुं."

"अहो..."

काठी. काठी. "मुकुंद!"

बेसूर आला. फाटका, घोगरा, अर्धा गाण्यातला, अर्धा ओरडण्यातला. असा आवाज मी माइकवर कधी काढला नव्हता. पण भिंतीवरच्या मुखवट्यांच्या काचा थरथरल्या, हे मी स्वतः ऐकलं.

मुकुंद वळले. पायरीवर उभ्या असलेल्या मला त्यांनी पाहिलं. साडी अर्धी सुटलेली, तोंड वाकडं, घाम गळतोय.

"मुकुंद!" मी पुन्हा हाक मारली. आता जरा सोपं गेलं. "ये! इ-कडे ये!"

पडद्यामागून माझ्या आवाजात, घाईघाईनं, "मु" आला. तिथेच थांबला. "मु. मु." तिची जीभ टाळूला चिकटल्याचं मला ऐकू येत होतं. तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

आणि मग तिकडून आलं, "बरं का."

मुकुंद ताडकन उठले. त्यांनी हात सोडवून घेतला, जोरानं, बोट बोट उकलून. बाक उलटा झाला. ते माझ्यापर्यंत कसे आले, पायरी कशी चढले ते त्यांनाही सांगता येत नाही. मी त्यांचा दंड धरला. वळताना मी एकदाच मागे बघितलं. फटीत हात नव्हता. वरच्या जाळीतून काहीतरी आमच्याकडे बघत होतं आणि स्वतःला चेहरा घडवू पाहत होतं, एवढंच म्हणता येईल.

"बरं का," ते म्हणत होतं, एकामागून एक, थायलंडचं दालन ओलांडेपर्यंत आणि चीनचंही. "बरं का. बरं का. बरं का." लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा थांबलं, की आम्हाला ऐकू येईनासं झालं, ते मला माहीत नाही.

९

खाली मधुबेननी आम्हाला पाणी दिलं. ट्रस्टींना त्या काय बोलल्या कोण जाणे, पण ते शेवटचं दालन 'कामासाठी' बंद आहे, असं योगिनीनं पुढे सांगितलं. मी चौकशी केली नाही. जे कळलं नाही त्याच्या मागे लागण्याइतकी मी उत्सुक नाही. मला माझा माणूस हवा होता, तो मी घेऊन आले.

बाहेर तोच रिक्षावाला उभा होता. "मने थयुं, मासी पाछां आवशे," तो म्हणाला. मी परत येणार म्हणून तो थांबला होता.

मुकुंद सीटच्या कडेला बसले होते. मनगटावर चार लाल वळ होते. फतेगंज मागे पडलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा रडण्याआधी होतो तसा झाला.

"तू," ते म्हणाले, एकेक शब्द शोधत, "मला. नावानं."

"हो," मी म्हणाले.

"माझी आई... असती तर."

"नाही-त," मी म्हणाले.

ते हसायला लागले. हसता हसता रडले आणि मीही. रिक्षावाला आरशातून बघत होता आणि त्यालाही हसू येत होतं. सेव-उसळीच्या गाड्यावर गर्दी होती. स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. माझा आवाज घोगरा आहे, तुटका आहे, त्याला वेळ लागतो. पण तो ज्याचा आहे त्याच्याच तोंडातून येतो, म्हणजे माझ्या.

रावपुऱ्यात शिरल्यावर रिक्षा एका बोळाच्या तोंडाशी थांबली. "हवे क्यां?" त्यानं विचारलं.

"डावीकडे," मुकुंद म्हणाले. पूर्ण शब्द, एका दमात.

"उज-वीकडे," मी म्हणाले.

"अगं, डावीकडे! दुधाच्या डेअरीवरून जवळ पडतं."

"खण-लाय. रस्ता. खण-लाय."

"कधी खणला? मी काल तिथून..."

"मु-कुंद! उज-वीकडे!"

रिक्षावाल्यानं दोघांकडे पाहिलं, हँडल उजवीकडे वळवलं आणि जाता जाता डाव्या बोळात नजर टाकली. तिथे खड्डा होता, खड्ड्यात पाणी होतं आणि पाण्यात एक स्कूटर अडकली होती. मुकुंदनी ती पाहिली. काही बोलले नाहीत. मी मात्र घर येईपर्यंत बोलत होते.